नोनी आणि नोन्नी

जुलैचा दुसरा सोमवार, संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं. भरलेली रक्कम एकोणीस हजार रुपये. साडेनऊ हजार प्रत्येकी, पावत्या दोन. हजर तिघं: खिडकीच्या आत कॉलेजचे बाबू, खिडकीच्या बाहेर मी आणि माझी धाकटी बहीण. त्यातले साडेनऊ हजार तिचे होते, तिच्या पगारातून साठवलेले. दुसरे साडेनऊ हजार माझे, आणि ते मला भरायचे आहेत हे पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत मला माहीत नव्हतं.

बाबूंनी रजिस्टर आमच्याकडे फिरवलं.

"देखिए भैया, ग्यारह नाम हैं. बारह के बिना इटालियन की बैच चालू नहीं होगी."

"बारहवाँ कब तक आएगा?" मी विचारलं.

"आया तो आया. नहीं तो जनवरी."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती रजिस्टरमधल्या बाराव्या, कोऱ्या ओळीकडे पाहत होती. जानेवारी म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी खिशातून कार्ड काढलं आणि त्या ओळीवर माझं नाव लिहिलं. वय बावन्न. शिक्षण बी.कॉम. भाषा शिकण्याचे कारण, या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. बाबू म्हणाले, "शौक लिख दीजिए."

बहीण त्या वेळी एकोणचाळीस वर्षांची होती. एका खाजगी हॉस्पिटलमध्ये ती स्टाफ नर्स आहे. आठ वर्षांपूर्वी लग्न मोडलं तेव्हापासून ती आमच्याकडे राहते. आमचं घर दोन खोल्या आणि हॉलचं. ती हॉलमधल्या दिवाणावर झोपते, तिचे कपडे दिवाणाखालच्या पेटीत. पाहुणे आले की ती अंथरूण गुंडाळून स्वयंपाकघरात जाते. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्हीही कधी त्याचा विचार केला नाही. मग एका एजन्सीचा माणूस त्यांच्या हॉस्पिटलात आला. इटलीत म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीसाठी नर्सेस हव्या होत्या. अटी दोन: वय चाळीसच्या आत, आणि डिसेंबरअखेर यादी बंद होण्याआधी भाषेची पहिली पातळी पास. पुढच्या पातळ्या ते स्वतः शिकवणार होते. पुढची यादी जूनमध्ये, आणि बहिणीला एप्रिलमध्ये चाळीस पूर्ण होणार होती.

"मले पगाराचं नाही पडलं, भाऊ," ती मला म्हणाली होती. "मले एक दार पाहिजे. आतून लावता येईल असं."

 

बारावा मी झालो हे घरी कळलं तेव्हा बायको हसली. "जा, तुम्ही पण जा इटलीले. तिथं तुमची कॉलर कोण धुते ते पाहतेच मी."

कॉलरचं तिचं म्हणणं खरं होतं. मी रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. तिथली काळी धूळ कागदावर बसते, डब्यावर बसते, माणसावरही बसते. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी साडेचारला निघायचो, भनपुरीच्या ट्रकांमधून स्कूटर काढायचो, पंडरीजवळून बहिणीला घ्यायचो आणि साडेपाचला आम्ही वर्गात बसायचो. ती सकाळी सातपासून उभी असायची.

कॉलेज नर्सिंगचं होतं. इटालियनला मिळालेली खोली प्रात्यक्षिकाची होती. भिंतीवर स्नायूंचा तक्ता, मागे लोखंडी पलंग, आणि पलंगावर रबराचा पेशंट, गळ्यापर्यंत चादर घेतलेला. विद्यार्थी बारा. दहा मुली बावीस-तेवीसच्या, महासमुंद-धमतरीकडच्या, आपसात छत्तीसगढीत बोलणाऱ्या. मग माझी बहीण. मग मी. मुली मला अंकल म्हणायच्या आणि माझ्या बाकावर कधी चुकूनही बसायच्या नाहीत. त्यामुळे शेवटचा बाक आम्हा भावंडांचा झाला, हजेरी क्रमांक अकरा आणि बारा.

शिकवणाऱ्या मॅडम तिशीतल्या, याच शहरातल्या. चार वर्षं इटलीत राहून आईच्या आजारपणासाठी परत आलेल्या. ही त्यांची पहिलीच बॅच. त्या हिंदीतून शिकवायच्या आणि मधूनच इटालियनमध्ये शिरायच्या.

पहिल्या दिवशी कळलं की इटालियनमध्ये 'तू' म्हणजे तूच. बहीण खूश झाली. "घे, हे तर आपलंच निघालं!" पण ती खुशी आठवडाभरच टिकली. कारण वडीलधाऱ्यांना आणि पेशंटला 'तू' म्हणायचं नसतं, 'लेई' म्हणायचं असतं, आणि त्याबरोबर क्रियापदाचं शेपूटही बदलतं. माझी बहीण हॉस्पिटलात ऐंशी वर्षांच्या माणसालाही "बाबा, तू गोळी घेतली का?" असं विचारते. तिच्या तोंडी ते वाईट वाटत नाही, उलट त्या म्हाताऱ्यांना बरं वाटतं. इटालियनमध्ये मात्र त्याचे गुण कापले जायचे.

एकदा मॅडमनी रबराचा पेशंट बाजूला सरकवून मला त्या पलंगावर झोपवलं. बहीण नर्स.

"कोमे स्ताई?" तिने विचारलं. कसा आहेस?

"स्ता, दीदी, स्ता!" मॅडम ओरडल्या. "बुज़ुर्ग हैं, उनको स्ताई नहीं बोलते."

"मेरे भाई हैं, मॅडम."

"यहाँ पेशेंट हैं."

"तो पेशेंट थोड़ा कम नख़रे करे," बहीण म्हणाली आणि माझ्या तोंडात पेन खुपसला, थर्मामीटर म्हणून. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पेनासकट.

दुसरी अडचण 'हो'ची. इटालियनमध्ये एच लिहितात पण बोलत नाहीत. एच-ओ लिहिलं तरी वाचायचं 'ओ', आणि त्याचा अर्थ 'माझ्याकडे आहे'. भूक लागली का, असं मॅडम विचारायच्या, आणि बहीण उत्साहाने सांगायची, "हो!" बरोबर की चूक, हे मॅडमना ठरवता यायचं नाही. आपल्याला भूक लागते. त्यांच्याकडे भूक असते. वयाचंही तसंच. त्यांच्याकडे वर्षं असतात. माझ्याकडे बावन्न वर्षं आहेत, असं म्हणायचं. मला ते आवडलं. वर्षांना ते 'आन्नी' म्हणतात, न जोडून.

"न पे ज़ोर दीजिए," मॅडम म्हणाल्या. "जैसे मराठी में अन्न. सिंगल बोल दिया तो मतलब बहुत गड़बड़ है, मत पूछिए."

कोणी विचारलं नाही. पण बहिणीने बाकाखाली फोनवर शोधलं आणि माझ्यापुढे धरलं. शरीराचा एक असा भाग, जो नर्सला माहीत असतो पण वयाच्या आकड्यापुढे लावत नाहीत. ती ओढणी तोंडात कोंबून हसत राहिली. ती तशी हसलेली मी फार दिवसांनी पाहिली.

ऑगस्ट संपता संपता माझ्या लक्षात आलं की हे मला जमतं आहे आणि तिला जमत नाही.

हे का झालं ते मी सांगू शकतो. त्या भाषेत क्रियापदांच्या तीन जाती, प्रत्येकीची सहा रूपं. मी एक जाड रजिस्टर आणलं, पट्टीने सहा ओळी आखल्या, तीन रकाने केले, आणि रोज दुपारच्या सुटीत एक पान भरलं. तीस वर्षं मी हेच काम करतो. मला ती भाषा येत होती असं नाही. मला तिचे तक्ते येत होते. बहिणीकडे दुपारची सुटी नव्हती. तिच्याकडे वॉर्ड होता. स्कूटरवर मी पुढे बसून म्हणायचो, "मी असतो?" आणि मागून ती म्हणायची, "सोनो." "तू असतोस?" "सेई." "आम्ही असतो?" यावर मागून उत्तर यायचं नाही. आरशात पाहावं तर तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं असायचं.

"मले समजूनच नाही राहिलं, भाऊ," ती एका रविवारी सकाळी म्हणाली. "काहून इतके शेपटं लावले असतील त्यांनी? काम तर एकच आहे."

तिला शब्द तरी लक्षात राहावेत म्हणून मी एक युक्ती काढली. प्रत्येक शब्दाला आपल्याकडचा एखादा शब्द बांधायचा. घर म्हणजे 'काझा', तर म्हणायचं, घर कसं आहे? टेबल म्हणजे 'ताव्होलो', तर म्हणायचं, टेबलावर ताव मारला. काही बांधण्या ओढूनताणून होत्या, पण तिला त्या चालायच्या. ती त्या वॉर्डात गोळ्या वाटताना मनात म्हणायची. असे एकशे सव्वीस शब्द मी तिला लिहून दिले. त्यात आजीआजोबा होते. आजीआजोबांना इटालियनमध्ये 'नोन्नी' म्हणतात. आमच्याकडे रायपुरात लहान पोरीला नोनी म्हणतात; भाजीवाली म्हणते, शेजारीण म्हणते, आम्हीही म्हणतो. मी लिहिलं: नोनीला सांभाळतात ते नोन्नी. बहिणीला ते फार आवडलं. मलाही माझी हुशारी आवडली.

ऑक्टोबरमध्ये मॅडमनी इटलीतल्या त्यांच्या जुन्या शेजारणीला फोनच्या पडद्यावर आणलं. ऐंशीच्या आसपासची बाई, अंगावर जाड स्वेटर, मागे काचेचं कपाट. प्रत्येकाने तिच्याशी एक मिनिट बोलायचं. मी अकरा वाक्यं तयार करून गेलो होतो. ती अकराच्या बाहेरचं काहीतरी बोलली. मी "सी" म्हणालो, म्हणजे होय. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा "सी" म्हणालो. तिने प्रश्नच 'किंवा' लावून विचारला होता, हे मला घरी येताना कळलं.

मग बहिणीने फोन हातात घेतला. तिने पहिल्याच शब्दाला 'तू' म्हटलं. पण त्या बाईला राग आला नाही. तिने आपला गुडघा पडद्यासमोर धरला. बहिणीने बोटाने विचारलं, इथे की इथे? बाई म्हणाली, इथे. बर्फाला काय म्हणतात ते बहिणीला येत नव्हतं, तिने दात कुडकुडवून दाखवले, मग गुडघ्यावर हात दाबला, मग दहा बोटं दाखवली आणि म्हणाली, "मिनुती." बाई मोठ्याने हसली आणि दोनदा "ब्रावा, ब्रावा" म्हणाली. मिनिटाची पाच मिनिटं झाली. फोन बंद झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "दीदी, ग्रामर तो मर गया, पर मरीज़ बच गया."

मला तेव्हा वाटलं, नोकरी देणाऱ्यांनी फक्त ही पाच मिनिटं पाहावीत. पण पहिल्या पातळीत तोंडी परीक्षेला वीस गुण होते आणि लेखीला ऐंशी.

परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता, त्याच खोलीत झाली. तोंडी आदल्या दिवशी होऊन गेली होती. हजेरीप्रमाणे बसवलं, म्हणून आम्ही दोघं शेवटच्या बाकावर, मधे एक दप्तर मावेल एवढी जागा. पर्यवेक्षणाला मॅडमच होत्या, पण पेपर बाहेरच्या परीक्षा संस्थेचा होता आणि सील आमच्यासमोर फोडलं गेलं.

ऐकण्याच्या भागात पाच चित्रं आणि पाच वाक्यं होती. वाक्य ऐकायचं आणि चित्राखाली त्याचा क्रमांक लिहायचा. प्रत्येकी दोन गुण. ध्वनिफीत दोनदा वाजली. तिसरं वाक्य होतं, नोन्नी गावात राहतात. पाचवं होतं, लहान मुलगी शाळेत जाते. एका चित्रात घरापुढे म्हातारा-म्हातारी उभे, दुसऱ्यात दप्तर घेतलेली पोरगी.

माझं झालं होतं. तपासायला दोन मिनिटं दिली होती. मी तपासलं, बरोबर होतं, आणि माझी नजर डावीकडे गेली. जायला नको होती. गेली.

बहिणीने दप्तरवाल्या पोरीखाली तीन लिहिलं होतं. नोनी. पाचव्या वाक्याला तिच्याकडे एकच चित्र उरलं होतं, म्हातारा-म्हातारीचं. ती त्या चित्राकडे पाहत होती. ही दोघं शाळेत का जात असतील, असा प्रश्न तिला पडलेला मला दिसत होता. तिने पेन्सिल उचलली, ओठाला लावली, आणि मग त्यांच्याखाली पाच लिहून टाकलं. बाकी तिन्ही चित्रं बरोबर होती.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पेपरात काय चुकलं हे विचारायला नव्हे. सहज पाहिलं, झालं का तुझं, अशा नजरेने. मला फक्त डोळे चित्रांवर न्यायचे होते, आणि एकदा इकडे, एकदा तिकडे करायचे होते. तिला कळलं असतं. तीस वर्षं मी दुसऱ्यांची बिलं तपासतो. चूक दिसली की लाल टिंब करायचं, एवढंच माझं काम. इथे चूक माझ्यापासून हातभर अंतरावर होती, माझ्याच युक्तीतून निघालेली होती, आणि टिंब करता येत नव्हतं. मी माझ्या पेपरकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "अगला पन्ना." पानं उलटल्याचा आवाज झाला.

हा प्रामाणिकपणा होता असं मी म्हणत नाही. पकडलो गेलो असतो तर दोघांचेही पेपर गेले असते, ही भीती होती. पण तेवढीच होती असंही म्हणता येत नाही. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि हिशेब लागत नाही.

निकाल दहा दिवसांनी फोनवर आला. आम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवर उभे होतो. मला तोंडीत अकरा, लेखीत शहात्तर, एकूण सत्त्याऐंशी. बहिणीला तोंडीत अठरा, लेखीत चाळीस. एकूण अठ्ठावन्न. पास व्हायला साठ लागत होते.

मी मनात बेरीज केली. दोन चित्रं, चार गुण. बासष्ट.

मॅडम बाहेर आल्या. माझं अभिनंदन करावं की तिचं सांत्वन, हे त्यांनाही ठरवता येईना. त्यांनी उत्तरपत्रिकेचा तपशील पाहिला होता. "दीदी, आपने नोन्नी को नोनी समझ लिया ना?" त्या कळवळून म्हणाल्या. "मेरे को पहले बताना था. मैं यहीं की हूँ, मेरे को सूझना चाहिए था."

"आपकी ग़लती नहीं है, मॅडम," बहीण म्हणाली.

मॅडम गेल्यावर ती पायरीवर बसली. बॅग मांडीवर घेतली.

"तुले दिसलं होतं ना, भाऊ?"

"दिसलं होतं."

"एक खोकला नाही आला तुले? घरी तर पहाटे चारपासून खोकत राहतो."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "ते नोनीचं मीच लिहून दिलं होतं."

"माहीत आहे. चांगलं होतं. अर्धंच ध्यानात राहिलं माझ्या." मग ती म्हणाली, "तुया एकशे सव्वीसातले एकशे पंचवीस बरोबर होते, असं धर."

तिथूनच तिने एजन्सीला फोन लावला. स्पीकर चालू होता. पलीकडचा माणूस घाईत होता. लिस्ट इकतीस को बंद है मैडम, रिज़ल्ट के बिना नाम नहीं चढ़ेगा. जून में? जून में आपका चालीस हो जाएगा ना. हो जाएगा, ती म्हणाली. फिर देखते हैं, तो म्हणाला, कभी-कभी ऊपर वाले छह महीने छोड़ भी देते हैं. लिहून द्याल का, असं मी मधेच विचारलं. लिखके तो कुछ नहीं दे सकता सर. आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा बसते मी परीक्षेला, ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं, जसं मी कारखान्यातल्या साहेबांना सांगतो तसं. पुनर्परीक्षा फेब्रुवारीत. यादी त्याआधी बंद. एप्रिलमध्ये तुझं वय निघून जाईल. "छोड़ भी देते हैं" याला काही किंमत नाही. मग ही परीक्षा कशासाठी?

"मले माहीत आहे सगळं," ती म्हणाली. "मी काही नोनी नाही."

आणि फोनमध्ये पुनर्परीक्षेचा फॉर्म उघडून बसली. ती विसरते ती क्रियापदं पुन्हा लिहून देऊ का, असं मी विचारलं. तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मी पाकीट काढलं. तिने न पाहताच हाताने ते मागे सारलं.

फी अठराशे रुपये होती. ती तिने स्वतःच्या फोनवरून परीक्षा संस्थेला भरली. मी कोणालाही काही दिलं नाही.